ऐकू न आलेला सिनेमा

मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नव्हे बरं का! पडदा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे फुलाफुलांचं कापड येतं. पण मित्रांनो, मी सिनेमाचा पडदा आहे, तोही छोट्या हॉलचा. आमच्या इमारतीत पुढे मोठा हॉल होता आणि त्याच्या पाठीला पाठ लावून माझा. तिकडचा पडदा माझ्या चौपट. त्याचा मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

माझा जन्म कारखान्यात झाला. पांढरे पट्टे जोडून मला तयार केलं आणि माझ्या अंगभर सुईच्या टोकाएवढी छिद्रं पाडली. सिनेमाचे स्पीकर पडद्यामागे असतात ना, त्यांचा आवाज या छिद्रांतून पुढे येतो. म्हणून तर पडद्यावरचा माणूसच बोलतोय असं तुम्हाला वाटतं. लांबून ही छिद्रं कुणाला दिसत नाहीत.

इमारत ताईंची आणि त्यांच्या धाकट्या भावाची. मोठा हॉल भाऊ बघायचा. तिथे नायक आला की शिट्ट्या पडत आणि मधली भिंत थरथरे. दमलेली माणसं तिथे पोट धरून हसत, त्यात वाईट काय? माझ्याकडचे सिनेमे मात्र वेगळे. चार मित्रांनी सुट्टीच्या दिवशी, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात केलेले. त्यांत एखादी बाई नुसती चादरीची घडी घालायची. दुसरं टोक धरायला घरात कुणी उरलेलं नाही, म्हणून ती ते हनुवटीखाली धरायची. तेवढ्यावर तिसऱ्या रांगेतला एखादा धिप्पाड गृहस्थ रुमाल शोधू लागायचा. माझं तोंड प्रेक्षकांकडे, त्यामुळे मला सगळं दिसायचं. दिवे लागले तरी काही जण उठत नसत. तेव्हा मला कुणाचाही हेवा वाटत नसे.

पुढे माणसं कमी झाली. मी पिवळा पडलो. एक दिवस भाऊ म्हणाला, "ताई, इथे माणसांपेक्षा खुर्च्या जास्त. मला मक्याची पोती ठेवायला जागा नाही, लाह्या कशाच्या फोडू?"

ताई म्हणाल्या, "एक सिनेमा लावू दे. आठवडाभर टिकला तर हॉल राहील. नाही टिकला तर आण तुझी पोती."

तो सिनेमा शिवणाच्या वर्गात शिकवणाऱ्या एका बाईने केला होता. तिची सख्खी मावशीच त्यात काम करत होती. वर्षानुवर्षं अबोला धरलेल्या दोन बहिणी आजारी आईच्या उशाशी बसतात आणि तिची झोप मोडू नये म्हणून हळू आवाजात भांडतात. सगळा सिनेमा असा कुजबुजीचा. ताईंनी तो घरी बघितला आणि दोन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही.

आता दारावरच्या मामांची गोष्ट. तिकिटं फाडणाऱ्या या मामांचा छोट्या हॉलवर भारी जीव. त्यांना वाटलं, एवढा महत्त्वाचा सिनेमा आणि पडदा असा कळकट! सगळ्यांना चकित करायचं म्हणून त्यांनी कुणाला न विचारता दारं रंगवून उरलेला पांढरा रंग आणला आणि मला चांगले दोन हात दिले.

"बघ, कसा नवरदेव दिसतोस," ते म्हणाले. ते मायेने ब्रश फिरवत होते आणि माझं एकेक छिद्र बुजत होतं.

पहिल्या खेळाला हॉल जवळजवळ भरला. धसक्याने ताई आत आल्याच नाहीत, बाहेर बाकावर बसून राहिल्या. चित्र तर आरशासारखं लख्ख. पण त्या दोन बहिणी उशीत तोंड खुपसून बोलाव्यात तशा बोलत होत्या. मोठ्या हॉलमध्ये असं झालं असतं तर "आवाज! आवाज!" म्हणून लोकांनी खुर्च्या बडवल्या असत्या. पण माझे प्रेक्षक पडले सभ्य.

"अहो, तुम्हाला ऐकू येतंय का?" एका बाईने नवऱ्याला विचारलं.

"गप्प बस गं. असले सिनेमे असेच असतात. ते समजून घ्यायचे असतात."

जाताना एक चष्मेवाले तर म्हणाले, "शब्दांच्या पलीकडचं आहे काहीतरी." धन्य त्यांची!

मागच्या रांगेत मावशी भाचीला विचारत होती, "अगं, माझं बोलणं गेलं कुठे?"

"मावशी, माझंच रेकॉर्डिंग कच्चं असणार. मागून आणलेल्या माईकवर आणखी काय होणार?" असं म्हणून ती उठली आणि बाहेर पडली. मागच्या खोलीतून सिनेमा चालवणाऱ्या ऑपरेटरकाकांना काही कळलंच नाही. त्यांच्या खोलीत वेगळा स्पीकर असतो, त्यांना शब्द न् शब्द ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी अर्धी माणसं आली. त्यानंतर कुणीच नाही. आठवडा संपायच्या आत पोती आली.

मला उतरवताना काकांनी माझी कड उजेडासमोर धरली. एकाही छिद्रातून उजेड येईना, तसे ते थबकले. "याला रंग कुणी दिला?"

"मीच की! कसा झळकत होता ना?" मामा म्हणाले. हॉल गेला म्हणून त्यांचे डोळे भरून आले होते.

काका त्यांच्याकडे बघत राहिले. "हो मामा, फार झळकत होता," म्हणाले आणि माझी घडी घालू लागले.

आता मी मक्याच्या पोत्यांवर धूळ बसू नये म्हणून पसरलेला असतो. काका सिनेमा करणाऱ्या त्या बाईकडे जाऊन आले, ते इथेच उभे राहून ताईंना सांगत होते. त्यांनी तिला सगळं समजावलं, तुझा आवाज स्वच्छ होता म्हणून सांगितलं. ती कसनुसं हसली. लोक समजूत घालायला असं काहीबाही बोलतातच, असं तिला वाटलं. माईक तिने केव्हाच परत केला होता.

मित्रांनो, मोठा सिनेमा पडला तरी त्याला उठवायला शंभर हात असतात. छोट्या सिनेमाला तुमच्याशिवाय कुणी नसतं. तो आवडला नाही तर खुशाल निघून जा. पण ऐकू आलं नाही तर शहाण्यासारखे गप्प बसू नका, उभे राहून ओरडा. त्या दिवशी एक जण जरी ओरडला असता, तर ती बाई आज दुसरा सिनेमा करत असती.