सगळं हिरवं

साहेबांनी बजावलं होतं, "पुन्हा नेट बंद पडल्याचं तुमच्याआधी मला कळलं, तर दुसरी नोकरी शोधा." म्हणून आमच्या नेटवर्कवाल्यानं तीन आठवडे खपून कचेरीतले चौऱ्याऐंशी स्विच आणि राउटर एकाच पडद्यावर आणले. एखादा बिघडला, की त्याच्या मोबाइलवर इशारा येणार.

स्थिती: सगळं हिरवं.

तो ऐटीत खुर्चीत रेलला, तोच सफाईच्या मावशी दोन जिने चढून दारात आल्या.

"अरे, खाली नेट नाही, फोनही मुके झालेत."

"शक्यच नाही मावशी. हे बघा, हिरवंगार!"

"हिरवं राहू दे. त्या पडद्यावरचं घड्याळ बघ."

घड्याळ वीस मिनिटांपूर्वीच थांबलं होतं. नेटचा मुख्य स्विच बंद पडला होता, आणि या शहाण्यानं सगळे इशारे त्याच स्विचमधून पाठवायची सोय केली होती.

स्थिती: अक्कल बंद.

तो धावतच साहेबांच्या खोलीत शिरला. "साहेब, नेट गेलंय!"

"अरे वा, मला तर पत्ताच नाही! नव्या यंत्रणेला कळवायला किती वेळ लागला?"

त्यानं मागे पाहिलं. मागोमाग आलेल्या मावशी दाराला धरून धापा टाकत होत्या.

"दोन जिने," तो म्हणाला.