बारा पॉइंट चार

माझ्या भाचीला मी प्रॅक्टिकलमध्ये शून्य दिलं, तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझी जी फजिती झाली तिच्याबद्दल कुणी हळहळायला नको.

भाची म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी. लहानपणी उशीखाली बिया साठवून ठेवायची म्हणून तिचं नाव खारू पडलं, ते ती विद्यापीठात आली तरी सुटलं नाही. दोन वर्षांपूर्वी ती शिकायला माझ्याकडे राहायला आली. मी त्याच विद्यापीठात सव्वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवते आहे. खारूला दहाव्या वर्षापासून केमिस्ट्रीच करायची होती. तिच्या आईचे सगळे स्वयंपाकाचे पेले तिने सोडा आणि व्हिनेगरने खराब करून ठेवले होते. आल्या दिवशीच मी तिला बजावलं, "विद्यापीठात मी तुझी मावशी नाही. आणि एक गोष्ट. कुणाचंही जर्नल उतरवायचं नाही. माझ्या घरात राहून नक्कल केलेली मला चालणार नाही."

जर्नल म्हणजे आमची प्रयोगांची वही. आमच्याकडे एक रीत आहे. वरच्या वर्गातली मुलं पुढे गेली की आपला पांढरा कोट खालच्या वर्गातल्या कुणाला तरी देऊन टाकतात, आणि कोटाबरोबर जर्नलही जातं. मला हे ठाऊक होतं. मी कानाडोळा करायचे. एकेक जर्नल आठ-आठ हातांतून फिरलेलं असायचं आणि तरी मला त्यात फक्त मुलांचा एकमेकांवरचा जीव दिसायचा. खारूला मात्र मी नवा कोट शिवून आणला.

दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला जो प्रयोग असतो तो अगदी साधा आहे. चंचुपात्रात दहा मिलिलिटर कॉस्टिक सोड्याचं पाणी घ्यायचं. त्यात एका औषधाचे दोन थेंब टाकले की ते गुलाबी होतं. वर ब्युरेट लावलेली असते, म्हणजे खाली तोटी असलेली उभी काचेची नळी. तिच्यातून थेंबथेंब ॲसिड सोडायचं. एका थेंबाला गुलाबी रंग जातो. तिथे थांबायचं आणि ॲसिड किती लागलं ते वाचायचं. असं तीनदा. बारा पॉइंट चार लागतं. माझ्या लाल वहीच्या पहिल्या पानावर ते लिहिलेलं आहे, मीच कधीतरी लिहिलेलं.

गेल्या महिन्यात खारूने लिहिलं, अठरा पॉइंट सहा.

"पुन्हा कर," मी म्हटलं. तिने पुन्हा केलं. अठरा पॉइंट सहा. "पुन्हा." अठरा पॉइंट सहा. सगळ्या वर्गादेखत मी तिला विचारलं, "बाकीच्या चाळीस जणांचे डोळे फुटलेत आणि तुला एकटीला दिसतंय का?"  तिचे कान लाल झाले. मी तिच्या कागदावर शून्य घातलं आणि त्याला गोल केला.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. "ताई, पोरगी जेवत नाहीये म्हणे."

"दोन दिवसांनी जेवेल."

"तुझं आणि तुझ्या नियमांचं एकदा काय ते होऊन जाऊ दे," ती म्हणाली आणि फोन ठेवला. तिला माझ्या नियमांचा राग आहे, लहानपणापासून.

फेरपरीक्षा या सोमवारी झाली. त्यातही नापास झाली असती तर खारूचा मुख्य विषय सुटला असता. रात्रभर मला झोप नव्हती, पण चेहऱ्यावर मी काही दिसू दिलं नाही. खारूने कागद दिला. बारा पॉइंट चार, बारा पॉइंट चार, बारा पॉइंट तीन. मी वीसपैकी वीस दिले आणि सगळ्यांसमोर तिच्या पाठीवर थाप मारली. म्हटलं, "बघ, मन लावलं की जमतं." तिने मान डोलावली.

घरी आले तर जेवणाच्या टेबलावर एक अर्ज ठेवलेला. विषय बदलण्याचा. केमिस्ट्री काढून इतिहास. खाली विभागाच्या सहीची जागा, म्हणजे माझीच. शेवटची तारीख शुक्रवार.

"अगं, पास झालीस की तू," मी म्हटलं.

"हो. म्हणूनच," खारू म्हणाली.

मला त्याचा अर्थ लागला नाही. मी सही करणार नाही म्हणाले, ती म्हणाली नको करूस, मी डीनकडे जाईन. दोन दिवस आम्ही एकमेकींशी फक्त "मीठ दे" आणि "दार लाव" एवढंच बोललो. तिला थांबवायचं कसं, ते मला सुचत नव्हतं. दहा वर्षं जिने एकच ध्यास घेतला होता, ती माझ्या डोळ्यांदेखत तो सोडून चालली होती, आणि नेमका पास झाल्यावर.

बुधवारी सकाळी आमच्या विभागात बैठक होती. नवी मॅडम, जी येऊन तीन वर्षं झाली तरी नवीच आहे, तिने प्रस्ताव ठेवला होता की मुलांना छापील कृती देणं बंद करावं. प्रत्येक टेबलावर वेगळ्या ताकदीचं ॲसिड ठेवावं, उत्तर कुणालाच माहीत नसावं, आणि आपलं उत्तर का खरं आहे ते मुलांनी भांडून पटवून द्यावं. मी नाक मुरडलं. "आधी हात बसू दे, मग भांडू दे," मी म्हटलं. "माझ्या मुलांचे हात बसलेले आहेत. एका पॉइंटाचाही फरक पडत नाही."

"मॅडम, तोच तर मला त्रास होतोय," ती म्हणाली. "कुणाचाच फरक कसा पडत नाही? आज दुपारी तुमची दुसरी बॅच आहे. बाटल्यांत ॲसिडच्या जागी साधं पाणी ठेवू या?"

पाण्याने गुलाबी रंग जाणारच नाही. ब्युरेटच्या ब्युरेट ओतल्या तरी नाही. मी हसले. "पाच मिनिटांत गलका होईल," मी म्हटलं. "ठेवा खुशाल."

प्रयोगशाळेतले काका माझ्याही आधीपासून तिथे आहेत. सगळी द्रावणं तेच करतात. त्यांनी निमूटपणे बाटल्या भरल्या. अडतीस मुलं आली, कोट चढवले, कामाला लागली. मी आणि नवी मॅडम दाराशी उभ्या राहिलो.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. गलका झाला नाही.

खिडकीजवळच्या मुलाने ब्युरेट पूर्ण रिकामी केली, पुन्हा भरली, पुन्हा रिकामी केली. पात्र काठोकाठ भरलं, फिकं गुलाबी. त्याने इकडेतिकडे पाहिलं, पात्र बेसिनमध्ये ओतलं, विसळलं, आणि कागदावर काहीतरी लिहिलं. हे त्याने इतक्या शांतपणे केलं की आपण काय पाहिलं ते मला आधी कळलंच नाही. त्याच्या मागच्या टेबलावर दोघी जणी कुजबुजल्या आणि लिहू लागल्या. एक मुलगी मात्र माझ्याकडे आली. हळूच म्हणाली, "मॅडम, रंग जात नाहीये."

आणि मी काय म्हणाले? पाणी आहे हे मला माहीत असताना, तोंडातून आपोआप आलं, "नीट हलव. घाई करू नकोस."

ती परत गेली. तिनेही लिहिलं.  नवी मॅडम माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे बघू शकत नव्हते.

मुलं गेल्यावर आम्ही कागद लावले. अडतीसच्या अडतीस. बारा पॉइंट चार. कुणी मधेच बारा पॉइंट तीन, कुणी पॉइंट पाच, खरं वाटावं म्हणून. शेवटी सरासरी, बारा पॉइंट चार. पाण्याने.

नवी मॅडम जिंकली होती, पण तिचाही चेहरा उतरला होता. "मला वाटलं होतं, पाच-सहा जण तरी..." एवढंच ती म्हणाली.

 पण माझा ताठा एवढ्यात जाणाऱ्यातला नाही. "मुलं लबाड निघाली, प्रयोग लबाड नाही," मी म्हटलं. "काका, खरं ॲसिड आणा. बारा पॉइंट चार कसं येतं ते मी दाखवते."

किती वर्षांनी मी ब्युरेट हातात घेतली ते सांगायची लाज वाटते. पण हात विसरलेला नव्हता. दहा मिलिलिटर मोजून घेतले, दोन थेंब टाकले, गुलाबी झालं. तोटी उघडली. अकरा. बारा. मी थेंबावर आले. बारा पॉइंट चार. गुलाबी. पात्र हलवलं. गुलाबीच. बारा पॉइंट आठ. तेरा. चौदाला मी तोटी बंद केली आणि नव्या मॅडमकडे पाहिलं. ती म्हणाली, "सोडा ना पुढे."

अठरा पॉइंट सहाला रंग गेला. एका थेंबाला, स्वच्छ.

मी पुन्हा केलं. अठरा पॉइंट सहा. तिसऱ्यांदा नव्या मॅडमने तोटी धरली. अठरा पॉइंट सहा.

"काका," मी म्हटलं, "आज ॲसिड कमी पडलं का?"

"नाही मॅडम. कपाटाच्या दारावर तुमचा कागद लावलाय ना, त्यात लिहिलंय तेवढंच घालतो. पण कॅन बदलला ना तेव्हापासून पातळ होतंय. आधीचा दहा लिटरचा फुटला, हा पंधराचा आला. मी आपला गळ्यापर्यंत पाणी भरतो, पूर्वीसारखं."

"कधी फुटला?"

"सहा वर्षं झाली."

"सहा वर्षं? आणि मला सांगायचं नाही?"

काका माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही, नवल वाटल्यासारखे. "सांगितलं होतं मॅडम. इथेच. तुम्ही पेपर तपासत होता. म्हणालात, मुलांचं उत्तर बरोबर येतंय ना, मग झालं."

मला आठवलं. ती खुर्ची, ते पेपर, आणि मान वर न करता मी ते म्हटलेलं, सगळं आठवलं. दीडपट पाणी, म्हणून दीडपट ॲसिड. मी स्टुलावर बसले. सहा वर्षांत त्या खोलीतून पाचशेच्या वर मुलं गेली होती आणि सगळ्यांनी न येणारं उत्तर आणलं होतं. मी त्यांना वीस-वीस मार्क दिले होते. खरं उत्तर एकीनेच आणलं होतं, कारण तिला जुनं जर्नल घ्यायला मी मनाई केली होती.

घरी गेले तेव्हा खारू टेबलाशी अर्जात आपला नंबर भरत होती. चप्पल न काढताच मी म्हटलं, "तुझं बरोबर होतं. अठरा पॉइंट सहाच येतं."

"माहीत आहे," ती म्हणाली.

मी तिला सगळं सांगितलं. पाणी, अडतीस कागद, कॅन. तिने ऐकून घेतलं. मग मला जे विचारायची भीती वाटत होती ते मी विचारलं. "सोमवारी तुला किती आलं होतं?"

"अठरा पॉइंट सहा."

"मग?"

"मग शेजारच्या मुलीला विचारलं, काय यायला हवं. तिने सांगितलं. एवढं सोपं होतं." ती पेनाचं टोपण लावत म्हणाली, "तू पाठ थोपटलीस, मावशी. दोन वर्षांत पहिल्यांदा. त्या दिवशी मला वाटलं, हेच जर करायचं असेल तर मला नाही करायचं."

 पिशवीतून मी तिचे दोन्ही कागद काढले, ते मी विभागातून आणलेच होते. गेल्या महिन्यातलं शून्य खोडलं आणि वीस लिहिलं. बाजूला सही केली. कागद तिच्यापुढे सरकवला.

तिने तो पाहिला. मग दुसऱ्या कागदावर बोट ठेवलं. "आणि हे सोमवारचे वीस?"

"राहू दे ना ते," मी म्हटलं. "तुझा काय दोष?"

"मी खोटं लिहिलंय, मावशी."

मी पेन उचललं. माझ्या भाचीला दुसऱ्यांदा शून्य दिलं, आणि यावेळी मला कौतुक वाटलं ते तिचं. स्वतःची मात्र अशी लाज वाटली की सही वाकडी आली.

खारूने अर्ज फाडला नाही. घडी करून जर्नलमध्ये ठेवला. "शुक्रवारपर्यंत वेळ आहे," ती म्हणाली. "काका लॅब किती वाजता उघडतात?"

"साडेआठ. का गं?"

"तो कॅन पंधरा लिटरचाच आहे का, ते बघायचंय."

"अगं, पंधराचाच आहे. काकांनी सांगितलं मला."

"तू मोजलास?" तिने विचारलं.

मी मोजला नव्हता.