कुंपण काढलं त्या दिवशी

सावा नदीच्या या काठाला आमचं, व्हिएन्नाच्या बादशहाचं राज्य, त्या काठाला तुर्कांचा बोस्निया. मध्ये धुकं. तिकडची प्लेगची साथ इकडे येऊ नये म्हणून आमच्या काठावरच्या बाजारात दोन कुंपणं घातलेली, आणि त्यांच्यामधल्या पट्ट्यात मी, तनासिया, पहाऱ्याला. पलीकडचे लोक होडीने येत आणि कुंपणाआडून बोलत. त्यांची नाणी मी व्हिनेगरमध्ये बुडवून मग इकडे देई. माणसं काही बुडवता येत नाहीत, म्हणून शिवायचं नाही. जो शिवेल त्याला आजाऱ्यांच्या कोठीत कोंडत.

म्हातारी स्मिल्याना एक बाजार चुकवायची नाही. तिची लेक पेर्का पलीकडे दिलेली. पेर्काचा गाव्रो त्या कुंपणाला धरूनच चालायला शिकला, पण आजीने त्याला कधी उचलला नव्हता.

"तनासिया, मेल्या, जरा नदीकडे बघ ना. बोटाला बोट लावते फक्त."

"आणि साहेबाने पाहिलं म्हणजे? कातडी सोलेल माझी."

"तुझ्या कातडीचं काय लोणचं घालायचंय!"

मग मी "मागे!" म्हणून ओरडायचो. आईच्या आधी पोरगंच मागे सरायचं.

त्या वसंतात व्हिएन्नाहून एक तरुण अधिकारी आला. म्हणाला, साथ कधीच सरली, आता सरहद्द सुधारायची, कुंपणं काढायची. आम्ही हसलो. सरकारी काम आणि सहा महिने थांब! पण गडी सुतार घेऊनच आला होता. आलुबुखाऱ्याचा पांढरा मोहर गळत होता आणि त्यात खांब एकेक करून निघत होते, अगदी आवाज न करता. मला वाटलं, मी झोपलोय आणि कुणीतरी हळूच माझ्या अंगावरचं पांघरूण ओढतंय.

बाजाराच्या दिवशी पेर्का धावत येऊन आईच्या गळ्यात पडली. दोघी रडल्या. गाव्रो मात्र बुजवलेल्या खड्ड्यांपाशीच थबकला.

"आजीला ओळखलं नाहीस का रे, राजा?" स्मिल्यानाने विचारलं.

त्याने मान हलवली. ओळखलं होतं. पण तो बघत होता माझ्याकडे.

"अरे, जा की," मी म्हणालो. तो हलेना. माझ्या तोंडून त्याने आजवर एकच शब्द ऐकला होता. मला संताप आला, त्याचा नाही, माझ्याच आवाजाचा. बंदूक गवतात टाकून मी त्याच्यापुढे गुडघ्यावर बसलो. त्याने हात पाठीमागे लपवले.

"मी शिवलो तर आजीला कोंडाल ना तुम्ही?" तो हळूच म्हणाला.

एवढ्याशा जिवाला आजीची काळजी! माझे डोळे भरून आले. मी त्याचा हात ओढून माझ्या गालाला लावला.

"हे बघ, मला शिवलास. कोण कोंडतंय मला?"

मला न्यायला कुणी येतंय का, ते तो धुक्यात बघत राहिला. कुणी आलं नाही. मग तो पळत सुटला.

स्मिल्यानाने त्याला उचलला. चांगला वाढलेला पोरगा, म्हातारीला पेलत नव्हता. पण तिने काही त्याला खाली ठेवला नाही.