जोडीदाराची हकीकत

तिनं वहीचं पान उलटलं, पेनचं टोपण दातांत धरलं आणि विचारलं,

“लिफ्ट अडकली ती कितव्या मजल्यावर?”

“सातव्या,” तो म्हणाला.

तिनं मागचं पान काढून पाहिलं. “परवा चौथा म्हणालात.”

“परवा इंग्रजी चुकलं असेल.”

चौथाच खरा होता.

प्रोग्रॅमर मंडळींच्या स्पोकन इंग्लिशच्या वर्गात दोघांची जोडी लागून दीड महिना झाला होता. मास्तरांची पद्धत न्यारी. आपण प्रोग्रॅमर कसे झालो ते जोडीदाराला सांगायचं आणि जोडीदारानं तीच हकीकत ‘मी’ लावून, स्वतःची असल्यासारखी, सगळ्यांपुढे बोलायची. स्वतःचं सांगताना माणूस आठवत बसतो, दुसऱ्याचं सांगताना नुसती भाषा उरते, असं त्यांचं म्हणणं. या हकिकतींवरूनच वर्गात तो ‘लिफ्टवाला’ झाला होता आणि ती ‘नोंदणीबाई’.

तो पूर्वी लिफ्ट दुरुस्त करायचा. एकदा बंद लिफ्टमध्ये साडेतीन तास अडकला आणि पॅनेलमधल्या सूचना लिहितं तरी कोण, हा प्रश्न घेऊनच बाहेर पडला. ती इस्पितळाच्या नोंदणीखिडकीवर बसायची. कॉम्प्युटरनं एकाच नावाच्या दोन बायकांचे कागद अदलाबदल केले आणि भलत्याच बाईला ऑपरेशनला न्यायला स्ट्रेचर आलं. ते हिनं दारात अडवलं. मग ड्यूटी संपल्यावर रोज दोन तास शिकून तिनं एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. एकसारखी नावं आली की तो खिडकीवर इशारा द्यायचा.

दोघांनी अर्ज केला होता तो एकाच कंपनीत. परदेशी ग्राहकांशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमरची जागा एक. लेखी परीक्षा दोघंही पास झाले होते, राहिली होती इंग्रजीतली मुलाखत. त्याचं सध्याचं ऑफिस महिनाअखेर बंद होणार होतं.

असं असताना ही बाई त्याचा शब्दन् शब्द उतरवून का घेते, हे त्याला कळेना. लिफ्टमध्ये दिवा होता का, बरोबर कोण होतं, एवढ्या चौकशा कशाला? वर्गात तिनं त्याची हकीकत सांगितली तेव्हा टाळ्या पडल्या, आणि मुलाखतीतही ही ती आपलीच म्हणून सांगेल, असं त्याच्या मनात आलं. आधीच्या नोकरीत त्याचा प्रोग्रॅम दुसऱ्यानं आपल्या नावावर खपवला होता. दुधानं तोंड पोळलेला माणूस. ताक फुंकून प्यायचा.

“तुम्हाला दोरी दिसली तरी साप वाटतो,” बायको म्हणाली. “विचारा की तिलाच.”

विचारलं तर ती सावध होईल, असं त्यानं ठरवून टाकलं. त्याऐवजी तो दर खेपेला हकिकतीत काहीतरी बदलू लागला. चौथ्याचा सातवा मजला झाला. एकट्याच्या जोडीला एक म्हातारे गृहस्थ आले, पुढच्या आठवड्यात गेलेही. साडेतीन तासांचे दोन झाले. तिची हकीकत मात्र तो चोख म्हणायचा. मास्तर खूश होते.

मुलाखतीच्या दिवशी यादीत तिचं नाव आधी होतं. पोचल्या पोचल्या त्यानं टेबलावरच्या कारकुनाला गाठलं, घरी अडचण आहे म्हणून सांगितलं आणि पहिला नंबर मागून घेतला.

“जा की,” ती म्हणाली. “मला तेवढीच उजळणी.”

उजळणी माझ्याच हकिकतीची, असं तो मनात म्हणाला.

आत तिघं होते. पहिलाच प्रश्न, प्रोग्रॅमर कसे झालात? त्यानं लिफ्टपासून सुरुवात केली. चौथा मजला म्हणाला, सातवा म्हणाला. म्हातारे गृहस्थ होते की नव्हते, तिथं जीभ अडली. तिघांपैकी एकानं घड्याळाकडे पाहिलं. मग त्यानं घसा साफ केला, लिफ्ट दुरुस्तीनंतर आपण काही वर्षं इस्पितळात होतो असं सांगितलं, आणि पुढचं सगळं न अडखळता आलं. खिडकी, दोन बायका, दारातलं स्ट्रेचर. मधल्या बाईंनी लिहिणं थांबवून मान वर केली.

तो बाहेर आला तेव्हा ती उभी राहून ओढणी सारखी करत होती.

“काय विचारलं?”

“तेच. प्रोग्रॅमर कसे झालात.”

“सुटले बाई. दुसरं काही असतं तर माझी दांडी गुल होती.” ती दोन पावलं जाऊन वळली. “तुमचा मजला शेवटी कुठला हो, लिफ्टवाले? तुम्ही स्वतःचं सांगताना सारखे अडखळायचात, म्हणून मी सगळं नीट इंग्रजीत लिहून काढलं होतं. आज द्यायलाच आणलं होतं, पण तुम्ही आधी गेलात.”

तिनं चार घड्या घातलेला कागद त्याच्या हातात दिला आणि ती आत गेली.

दार पुरतं लागलं नव्हतं. तिचं पहिलं वाक्य त्याला ऐकू आलं, मग दुसरं. मग खुर्ची सरकली आणि कुणीतरी तिला मधेच थांबवलं.

“तुमचं झालंय, निघालात तरी चालेल,” कारकून म्हणाला. “घरी अडचण आहे ना?”

तो बसूनच राहिला. आत बोलावलं तर काय सांगायचं, ते त्यानं मनात जुळवून पाहिलं: ही हकीकत माझी आहे, या बाईंनी ती माझ्याकडून ऐकली. इंग्रजीत वाक्य सरळ आलं. त्यानं ते पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. कुठंही अडलं नाही.