माशाची दुसरी बाजू

सकाळी साम-मुईने बादली पाण्यात सोडून वर ओढली, तर आत खरकटा भात, रबरी चप्पल आणि तेलाचा तवंग. तिने ती तशीच परत पालथी केली. ती या गलबतावर सून म्हणून आली तेव्हा या खाडीत नांगराची साखळी तळापर्यंत दिसायची. लहान पोरं खेकड्यांशी बोलायची. आता हात बुडवला तर वास कोपरापर्यंत चढतो आणि साबणाने उतरत नाही.

हाँगकाँगच्या बेटावर वादळात आसरा घेण्यासाठी बांधलेली ती खाडी. एके काळी एका गलबतावरून दुसऱ्यावर पाय टाकत माणूस पाण्याला न शिवता पलीकडे पोहोचायचा. गेल्या काही वर्षांत लोक सरकारी इमारतींत राहायला गेले. गलबतं मोडीत निघाली. रिकाम्या जागी पांढऱ्या, चकचकीत बोटी येऊन उभ्या राहिल्या, आणि साम-मुईच्या वाट्याला शेजार आला तो लो साहेबांचा.

लो नवराबायकोचं टेकडीवर घर होतं, तरी ती दोघं हौसेने बोटीवर राहत. "आम्हीही पाण्यावरचीच माणसं," असं ते भेटेल त्याला सांगत. रोज सकाळी त्यांच्या बोटीच्या कुशीतल्या संडासाच्या नळीतून घुर्रकन आवाज यायचा, आणि रात्रीचं सगळं साम-मुईच्या स्वयंपाकाच्या बाजूला येऊन थांबायचं. पाण्यावर जन्म काढलेली माणसंही पाण्यातच बसतात, यात लपवण्यासारखं काही नाही. पण ओहोटी लागल्यावर, गलबताच्या मागच्या बाजूला, शेजाऱ्याची चूल कुठे आहे ते बघून. तीन वर्षांच्या पोरालाही तेवढं शिकवलेलं असतं.

"उठले का तुझे बोटवाले व्याही?" किउ-सोने खालून विचारलं. ती लहानशा होडीतून घरोघर पेज विकायची आणि तिच्या तोंडाला कधी कुलूप नसायचं.

"उठले. आत्ताच सलामी दिली."

"मग पेज देऊ की भूक मेली?"

"दे. मेलेल्या भुकेलाही घालावंच लागतं."

किउ-सोने वाटी वर दिली आणि आवाज खाली आणला. "आज जेवायला बोलावलंयस म्हणे त्यांना. गलबत देणार?"

"जेवताना माणूस कळतो. मग बघू."

मुलगा तिन-सांग आता शीतगृहात कामाला होता. त्याला अकराव्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या होत्या, आणि त्याला आईला तिकडे न्यायचं होतं. लो साहेब गलबत घ्यायला तयार होते. असं लाकूड आता कुणी जोडत नाही, म्हणत. फक्त एक अट होती. देव्हारा आहे तसा हवा, आतल्या बाहुल्यांसकट.

बाहुल्या. तळहाताएवढ्या, लाकडाच्या, लाल-सोनेरी रंगवलेल्या. घरातलं माणूस गेलं की त्याची मूर्ती कोरून घ्यायची, थिन-हाउ या समुद्रदेवीच्या पायाशी ठेवायची आणि गलबत जाईल तिथे न्यायची, ही त्यांची रीत. सासरा होता, सासू होती. नवरा होता, खुर्चीत ताठ बसलेला. जिवंतपणी तो कधी असा बसला नाही. आणि वाघावर बसलेली लेक, लिन. गलबताला बांधलेली कमरेची दोरी सुटून लिन पाण्यात गेली तेव्हा ती नीट बोलूही लागली नव्हती. साम-मुई रोज आधी तिच्यापुढे भात ठेवायची.

"तू हो म्हटल्याशिवाय मी विकणार नाही," तिन-सांग म्हणाला होता. "पण आई, विचार कर. लाकूडच आहे ते."

"तुझी बहीण आहे ती."

"बहीण पाण्यात गेली, आई. हे लाकूड आहे."

दुपारी लो मंडळी आली. साहेबांनी चढताच बूट काढले, आणि बायको गलबताच्या पुढच्या टोकावर, नाळेवर टेकायला गेली तशी तिचा हात धरला. "अगं, तिथे नाही. नाळेवर बायकांनी बसायचं नसतं. हो ना आजी?" आणि शाबासकीची वाट बघत साम-मुईकडे पाहिलं. बाईंनी नाकाला रुमाल लावला होता. तो त्यांनी जेवणभर काढला नाही, नुसता घास घेण्यापुरता बाजूला केला. वास कुणाचा येतोय हे बाईंना सांगावं, असं साम-मुईच्या मनात आलं. पण पाहुण्याला पहिला घास खाऊ द्यावा.

लो साहेब देव्हाऱ्यासमोर वाकले. तेलकट बोटाने त्यांनी लिनच्या वाघाचं शेपूट चाचपलं. "काय काम आहे बघ. इथे मागून दिवा सोडायचा. पाहुणे वेडे होतील."

साम-मुईने अख्खा हेकरू मासा वाफवला होता, आलं आणि कांद्याची पात घालून, डोकं पाहुण्यांकडे करून. वरची बाजू बघता बघता संपली. साहेब बोलत होते, बोलता बोलता गालाचं मांस वेचत होते आणि काटे थुंकून थेट पाण्यात टाकत होते. हनुवटीवरून सोया ओघळला होता. बाईंनी खालचं मांस काढायला काड्या माशाखाली घातल्या.

"नाही नाही," साहेब घाईने म्हणाले. "हे लोक मासा फिरवत नाहीत. मधला काटा उचलायचा आणि खालून खायचं. मासा फिरला की गलबत फिरतं. मी वाचलंय. शब्दसुद्धा तोंडात आणत नाहीत हे. कूस बदल म्हणतात. बरोबर ना, आजी?"

बरोबर होतं, अक्षर न् अक्षर. तिच्या आईने तिला मारून शिकवलेलं ते या माणसाच्या ओठांवर सोयासारखं चमकत होतं. तरी तिने ताट मुलाकडे सरकवलं, कारण काटा उचलायचा मान घरच्या मुलाचा, आणि मुलगा काड्या हातात घेत होता.

तिन-सांग हसला. शीतगृहातल्या साहेबाशी बोलताना हसत असेल तसा.

"जुन्या बायकांचं खूळ हो, साहेब. आता कोण मानतो? उलटा केला मासा तर काय, होडी उलटते?" आणि त्याने काड्या घातल्या आणि मासा उलटा केला.

डोळा खाली गेला. पिवळट, ओलं पोट वर आलं. रस ताटाबाहेर सांडला.

"घ्या बाईसाहेब. सोप्पं."

बाई हसल्या. साहेबांचा चेहरा मात्र पडला. त्यांना रीत पाळलेली हवी होती. "अरेरे, तू स्वतःच?" ते म्हणाले, आणि मग त्यांनीही घास घेतला.

साम-मुई उठली. मागच्या बाजूला जाऊन तिने कठडा धरला आणि पेज, मासा, सगळं पाण्यात ओकून टाकलं. आत बाईंचा आवाज आला, "आजींना बोट लागली वाटतं," आणि पाठोपाठ हसणं. त्यात मुलाचंही हसू होतं. ते तिने ओळखलं.

तोंड पुसून ती परत आली.

"घेऊन टाका गलबत," ती म्हणाली. "माझा होकार आहे."

तिन-सांगचे डोळे भरले. तो उठून तिच्याजवळ यायला लागला, तोवर ती देव्हाऱ्यापुढे बसली होती. ज्या झोळीत तिने दोन्ही पोरं पाठीला बांधून वल्हं मारलं, ती नक्षीची झोळी तिने पसरली. सासू, सासरा, नवरा एकेक ठेवले. लिनच्या वाघाचं शेपूट बाहीला पुसलं, मग पुन्हा पुसलं.

"अहो आजी," लो साहेब उठले. "आपलं ठरलं होतं. देव्हारा—"

"देव्हारा तुमचाच. देवीलाही मी हलवत नाही, ती कुणाच्याही घरात राहते. खाली जागा रिकामी आहे. तिथे तुमची माणसं ठेवा."

"आई, तमाशा करू नकोस."

"तमाशा तू मांडलास, बाळा. मी नुसती उठतेय."

झोळी पाठीला बांधून ती शिडीवरून आपल्या लहान होडीत उतरली. गाठ सोडताना वरचं बोलणं तिला स्वच्छ ऐकू आलं.

"मग अशा दुसऱ्या मिळतील?" लो साहेब विचारत होते. "जुन्या वाटतील अशा?"

"मिळतील की," तिन-सांग म्हणाला. "देवळामागे एक जण कोरतो. किती हव्यात, सांगा. धुरावर धरल्या की जुन्याच दिसतात."

तिने वल्हं मारलं. पाणी वल्ह्याला चिकटत होतं. मागून हाक आली, एकदा, दोनदा. "आई, घरी चल. अकरावा मजला आहे, हवा चांगली येते तिथे." तिने मान वळवली नाही. त्याच्या तोंडाकडे बघावं लागू नये, एवढंच तिला हवं होतं.

किउ-सोचं गलबत बर्फ भरायच्या धक्क्यामागे होतं, बुडाला शेवाळ धरलेलं. किउ-सो पेजेची भांडी घासत होती. तिने साम-मुईच्या पाठीवरचा फुगवटा पाहिला आणि हात थांबवले.

"किती आहेत?"

"चार."

"तुझा नवरा माझ्या नवऱ्याशेजारी बसेल का? जन्मभर एकमेकांचं तोंड बघत नव्हते."

"आता काय करतात भांडून."

किउ-सोने हात अंगरख्याला पुसले आणि आपल्या देव्हाऱ्यातले चहाचे डबे काढून बाजूला जागा केली. साम-मुईने चौघं मांडली. लिनला तिने पुढे ठेवलं, भाताच्या वाटीजवळ. मग ती खाली फळीवर बसली आणि आपल्या तळहाताचा वास घेतला. सोयाचा, आल्याचा, त्या माशाचा.

"राख आहे का गं?" तिने विचारलं. "हात घासायचेत."