संघपालच्या नावावरचा वेग

संघपाल बारामतीतल्या एका सहकारी बँकेत कारकून होता. अठ्ठ्याण्णव साली बँकेत कॉम्प्युटर येणार अशी बोलवा उठली आणि तो हादरला. नव्यानं लागलेल्या पोरांपुढं चाचपडायची लाज वाटली, म्हणून त्यानं पुण्याहून एक जुना कॉम्प्युटर घरी आणला. सोबत टायपिंग शिकवणाऱ्या प्रोग्रॅमची फ्लॉपी होती. पडद्यावर दोन हातांचं चित्र यायचं, कुठलं अक्षर कुठल्या बोटानं दाबायचं ते दाखवायचं, आणि चुकलं की मशीन पीं करून ओरडायचं. ते ओरडणं संघपालच्या डोक्यात जायचं. दुसऱ्या धड्यापलीकडं तो काही सरकला नाही. शेवटी त्यानं वर एक चादर टाकून दिली.

त्याची बायको मेघना अंथुर्णे गावची, बारावी झालेली. कॉलेजात नाव घालायचं चाललं होतं तेवढ्यात लग्न ठरलं. मी बसू का मशीनवर, असं तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, बस, पण प्रोग्रॅममधे तुझ्या नावाचं नवं खातं उघडू नको, बिघडंल. म्हणजे शिकायचं तेही त्याच्या नावाखाली. मेघनानं ते गिळलं.

दुपारी सासू शालनआत्या मेघनाच्या लहान लेकीला थोपटत आडव्या झाल्या की ती चादर काढायची. सुरुवातीला बोटं ऐकेनात. एक उचलावं तर शेजारचंही उठायचं. मशीन ओरडायचं, ती दातओठ खाऊन तोच धडा पुन्हा लावायची. हळूहळू नजर खाली बटणांकडं जाईनाशी झाली. इंग्रजी वाक्यं अर्थ कळायच्या आधीच बोटांतून उतरू लागली. वेगाचा आकडा मिनिटाला चाळीस शब्दांच्या वर गेला त्या दिवशी तिनं आत्यांना उठवून दाखवलं. आत्यांना इंग्रजी येत नव्हतं. "लई पळतंय की गं," म्हणाल्या. संघपालला सांगायला गेली तर त्यानं पेपरातून डोकं वर न काढता हूं केलं आणि पान उलटलं.

मग एका रविवारी शाखेचे मॅनेजर मोहनराव काटेवाडीचं लग्न उरकून येताना घरी टेकले. कॉम्प्युटर दिसल्यावर त्यांनी तो सुरू करायला लावला. वेगाचा तक्ता उघडला. संघपालचं नाव आणि पुढं तो आकडा. छुपे रुस्तम निघालात की, असं म्हणत त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. संघपाल गोंधळला. त्याची नजर दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या मेघनाकडं गेली. त्याला सगळं उमगलं, आणि उमगलेलं तिला दिसलं. तरी तो हसून म्हणाला, "रोज थोडं थोडं बसतो, साहेब."

मेघनाच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं ट्रे असा आदळला की बशांमध्ये चहा सांडला. "साहेब, ते माझं हाय. ह्यांनी दोनच धडे केल्यात."

मोहनराव खो खो हसले. वहिनी फिरकी चांगली घेतात, म्हणाले. संघपालही हसला. ती खुर्ची ओढून करूनच दाखवणार होती, पण साहेबांनी घड्याळ बघितलं, चहा संपवला आणि गाडीत बसले.

ते जाताच तिनं संघपालला धारेवर धरलं. उद्या जाऊन खरं सांगा, म्हणाली.

"घरातलंच हाय. तुझं काय अन् माझं काय?" तो म्हणाला. "तुला कुठं बँकेत बसायचंय?"

खोटं बोलण्यापेक्षा हे जास्त झोंबलं. त्या दिवसापासून ती त्याला ताट वाढायची, पण तोंडाकडं बघायची नाही.

बँकेत कॉम्प्युटर आले आणि खिडकीवर संघपाललाच बसवलं. तो एका बोटानं अक्षरं शोधत राहिला. बाहेर रांग वाढली, लोक कुरकुरू लागले. मोहनराव मागं येऊन त्याचं ते एक बोट बघत उभे राहिले. थोड्याच दिवसांत त्याची बदली इंदापूरला झाली, टपालाच्या टेबलावर. रोज एसटीनं जा-ये. घरी येऊन तो मेघनावरच डाफरला. तू बोललीस म्हणून साहेबांच्या मनात किडा शिरला, म्हणाला. तेव्हा शालनआत्यांनीच त्याला झापलं. सुनेच्या कष्टावर मिरवायला कुणी सांगितलं होतं, असं त्यांनी विचारलं.

मेघनानं स्वतःच्या नावाचं खातं उघडलं. मशीन काही बिघडलं नाही. तिनं पहिल्या धड्यापासून पुन्हा सुरुवात केली, आता दुपारी चोरून नाही तर संध्याकाळी, संघपाल घरात असताना, त्याला ऐकू जाईल अशा बेतानं बोटं आपटत. गावातल्या एका कॉम्प्युटर क्लासनं तिला पोरींना टायपिंग शिकवायला ठेवून घेतलं. तरी राग उतरला नाही, कारण झालं ते चुकलं असं अजून संघपालनं म्हटलं नव्हतं.

एका संध्याकाळी संघपाल इंदापूरहून आला आणि तिच्या खुर्चीमागं उभा राहिला. म्हणाला, "मला पयल्यापासनं शिकवशील का?"

"साहेबांस्नी सांगितलं?"

"न्हाय."

"मग आधी ते." तिनं मान वळवली नाही, बोटंही थांबवली नाहीत.

दुसऱ्या दिवशी तो इंदापूरची एसटी सोडून आधी बारामतीच्या शाखेत गेला. तिथं काय बोलणं झालं ते त्यानं कधीच सांगितलं नाही. संध्याकाळी उतरल्या चेहऱ्यानं आला आणि "सांगितलं" एवढंच म्हणाला. मेघना उठली. तिला बरं वाटलं नव्हतं, आत अजून धुमसतच होतं. पण तिनं खुर्ची त्याच्याकडं सरकवली.

"बसा. अन् खाली बघायचं न्हाय."