पान, कावळा आणि रेड स्टार बेलग्रेड

पेट्रोल नाही. पंपावर पुठ्ठा टांगलाय. त्यावर 'सॉरी' नाही, 'उद्या या' नाही, नुसतं 'नो'.

*

केळीचं पान लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर मिळतं. दुकानातल्या फ्रीजमध्ये, कोबीच्या मागे, चौघडी घालून ठेवलेलं. उलगडलं की त्यावर घडीच्या रेघा राहतात.

*

रेड स्टार बेलग्रेड हा संघ एके काळी सगळ्या युरोपचा विजेता होता.

*

भाद्रपद वद्य प्रतिपदा. पितृपक्ष सुरू. ह्या पंधरवड्यात माणसं सोफासुद्धा विकत घेत नाहीत.

*

लेस्टर सिटी ह्या फुटबॉल संघाला लोक प्रेमानं 'फॉक्सेस' म्हणतात, म्हणजे कोल्हे. पंचांग न बघता त्यांनी युरोपातल्या यूएफा कपची मोहीम ह्याच दिवशी, रेड स्टारविरुद्ध, सुरू केली.

*

लेस्टर हरणार आहे. आज नाही, दोन आठवड्यांनी, परतीच्या सामन्यात, व्हिएन्नात, तीन-एक. तेव्हा त्याची धाकधूक कुणी बाळगू नये. धाकधूक वेगळ्याच गोष्टीची आहे.

*

ती अशी.

डॉक्टर श्रीनिवास सबनीस, लेस्टरच्या एका हॉस्पिटलात रेडिऑलॉजिस्ट, सन दोन हजारच्या सप्टेंबरातल्या त्या गुरुवारी रजा काढून आपल्याच मागच्या अंगणात उभे होते आणि गॅरेजच्या सपाट छपराकडे बघत होते. छपरावर केळीचं पान होतं. पानावर भात, वरण, उडदाचे वडे, खीर, कारल्याची भाजी, गवार, आमसुलाची चटणी. कावळा नव्हता.

श्राद्ध श्रीनिवासच्या वडिलांचं, हरिदासरावांचं. बायको गेल्यावर सांगली सोडून ते मुलाकडे लेस्टरला आले, आणि इथं आल्यावर त्यांना एक नाद लागला. शेजारचे मिस्टर हॅरिसन त्यांना फुटबॉलला घेऊन जाऊ लागले. मग घरच्या मैदानावरचा एकही सामना दोघांनी सोडला नाही. दर वेळी निघताना हरिदासराव जिन्याखालून हाक मारायचे, श्री, येतोस का? आणि दर वेळी श्री ऑन कॉल असायचा, किंवा झोपलेला असायचा, किंवा ऑन कॉल असल्याचं सांगून झोपलेला असायचा. एकदाही गेला नाही. गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस हरिदासराव गेले.

आता हॅरिसननं रेड स्टारच्या सामन्याची दोन तिकिटं काढली होती. एक स्वतःचं, एक त्याच्या शेजारच्या खुर्चीचं, जिथं हरिदासराव बसायचे. त्या खुर्चीत एकदा जाऊन बसायचं, एवढंच श्रीनिवासला हवं होतं. सामना संध्याकाळी होता.

मध्ये फक्त कावळा होता. म्हणजे नव्हता.

*

नियम आत्यांचा. विमलाबाई, हरिदासरावांच्या थोरल्या बहीण, वय अठ्ठ्याहत्तर, खास ह्या श्राद्धासाठी सांगलीहून आलेल्या. सूटकेसमध्ये काळे तीळ, दर्भ आणि गुडघ्याचं तेल. त्या आल्यापासून घरातलं वातावरण बदललं होतं. श्रीनिवासची बायको सुलक्षणा, स्वतः डॉक्टर, जीपी, नवऱ्याला वीस वर्षं 'अरे श्री' म्हणत आली होती. आत्या आल्या त्या दिवसापासून ती 'अहो' म्हणू लागली, आणि प्रत्येक वेळी श्रीनिवास मागं वळून कोण आलंय ते बघत होता.

नियम असा: पानाला कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी घास तोंडात घालायचा नाही, आणि श्राद्ध करणाऱ्यानं तर उंबरासुद्धा ओलांडायचा नाही. अंगण चालेल का, ह्यावर थोडी चर्चा झाली. अंगण चाललं.

गुरुजी आले नव्हते. मोहन गुरुजी बर्मिंगहॅमला असत, आठवडाभर विम्याच्या ऑफिसात काम करत आणि सुट्टी असेल किंवा रजा मिळेल त्या दिवशी पौरोहित्य. देशभर तेलाच्या डेपोंना लॉरीवाल्यांनी आणि शेतकऱ्यांनी वेढा घातलेला, गाडीत पेट्रोल नाही, तेव्हा सगळं श्राद्ध स्पीकरफोनवर झालं. जानवं उजव्या खांद्यावर घ्या. घेतलं? आता तीळ. हॅलो? तीळ. मध्येच गुरुजींच्या दारावरची बेल वाजली आणि ते पार्सल घेऊन आले, तोवर श्रीनिवास हातात पाणी धरून बसून राहिला.

*

कावळा शून्य, सबनीस शून्य.

*

कावळे नव्हते असं नाही. एक चांगला गुबगुबीत कावळा दुपारी आला, टीव्हीच्या एरियलवर बसला, त्यानं मान तिरकी करून पान बघितलं आणि शेजारी हॅरिसननं पाखरांसाठी मांडलेल्या बर्ड टेबलवर जाऊन टोस्टचा तुकडा खाल्ला.

श्रीनिवास कुंपणाशी गेला. आजच्या दिवस टोस्ट ठेवू नका, अशी विनंती त्यानं केली. कारण सांगायला त्याला बराच वेळ लागला, पण हॅरिसन हरिदासरावांबरोबर इतके हिवाळे मैदानावर बसलेला माणूस होता. त्यानं टोस्ट उचलला, शेंगदाण्यांची जाळीही काढली आणि म्हणाला, हॅरीसाठी काहीही. हरिदासरावांना तो हॅरी म्हणायचा. स्वतःचंच आडनाव उदार मनानं दिल्यासारखं.

मग आत्यांनी आश्वासनं सुरू करायला सांगितली. कावळा शिवत नाही म्हणजे जाणाऱ्याचं काहीतरी अडकलेलं आहे, ते ओळखून मोठ्यानं बोलायचं. श्रीनिवासनं छपराकडे बघत सांगितलं की सांगलीचा फ्लॅट विकणार नाही. काही नाही. सुलक्षणा म्हणाली, आत्यांच्या गुडघ्याचं मी बघेन. आत्यांना बरं वाटलं, कावळ्याला नाही. पंधरा वर्षांच्या लेकीला, वरदाला, पुढं केलं. ती इथंच जन्मलेली. तिनं बराच विचार करून आजोबांना मराठी नीट शिकण्याचं वचन दिलं.

"मी मराठी नीट बोलणार, आजोबा. प्रॉमिस. माझा मराठी आता खूप चांगला होईल."

त्या क्षणी एरियलवरचा कावळा उडून गेला.

शेवटी श्रीनिवासनं घसा साफ केला आणि जरा खालच्या आवाजात म्हणाला, बाबा, मी आज मॅचला येतो. त्याची खात्री होती की हेच ते. सुलक्षणानं त्याच्याकडे बघितलं. एक कबूतर आलं, आत्यांनी ते टाळी वाजवून हाकललं. बाकी काही घडलं नाही.

श्रीनिवासला थोडा अपमान वाटला.

*

आणि मग कोल्हा आला.

भरदिवसा, कुंपणाखालून, कचऱ्याच्या चाकं असलेल्या डब्यावरून एका उडीत छपरावर. घरचाच असल्यासारखा. वडे खाल्ले. भात खाल्ला. खीर चाटून पुसून साफ केली. गवार खाल्ली. कारलं हुंगलं आणि बाजूला सारलं. मग पानाच्या मधोमध बसून त्यानं पंजा चाटला, चौघांकडे एकदा बघितलं आणि आला तसा गेला.

कुंपणापलीकडे हॅरिसननं डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली होती. त्याच्या मते विषय संपला होता. लेस्टर सिटीचा माणूस गेला आणि त्याच्या पानावर फॉक्स आला. आता आणखी काय पाहिजे?

श्रीनिवासलाही ते पटत होतं. फार पटत होतं. तो बूटसुद्धा शोधू लागला. पण आत्या म्हणाल्या, गुरुजींना विचारा. बर्मिंगहॅमला फोन लागला. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा 'कोल्हाच ना, नक्की?' असं विचारलं, आणि मग जे सांगितलं ते शास्त्राला धरून होतं. श्राद्धात अनेकांचा वाटा असतो; गाईचा असतो, कुत्र्याचा असतो, मुंग्यांचा असतो. कोल्हा कुत्र्याच्या कुळातला. तेव्हा कुत्र्याचा वाटा पोचला असं धरायला हरकत नाही. उत्तमच झालं.

"आणि कावळ्याचा?" श्रीनिवासनं विचारलं.

"तो राहिलाच की डॉक्टर. दुसरं पान वाढा."

*

दुसरं पान नव्हतं. सुलक्षणानं पेपर प्लेट काढली. आत्यांनी प्लेटकडे बघितलं, मग भावाच्या फोटोकडे बघितलं, आणि काही बोलल्या नाहीत. त्यावरून त्यांना किती भूक लागली आहे ते सगळ्यांना कळलं.

ऊन उतरलं. रस्त्यावरून निळे स्कार्फ घातलेली पोरं गात जाऊ लागली. हॅरिसन गाडीची किल्ली घेऊन फाटकात येऊन उभा राहिला. चार दिवस त्यानं गाडी हलवली नव्हती. टाकीत उरलेलं पेट्रोल आजच्यासाठी राखून ठेवलं होतं. तो नुसती किल्ली वाजवत होता.

श्रीनिवास पायरीवर बसला. आत्यांना सोडून जाता येत नव्हतं. म्हणजे जाता आलं असतं. आत्या रडल्या नसत्या की ओरडल्या नसत्या. त्या फक्त उपाशी बसून राहिल्या असत्या, आणि ते पुढं वीस वर्षं सांगलीत सगळ्यांना माहीत झालं असतं. तो हॅरिसनला म्हणाला, तू हो पुढं. दुसरं तिकीट कुणाला तरी दे.

वरदा दारात उभी होती. तिनं हे ऐकलं आणि ती चिडली.

"पण आजोबा तर कधीच घरी नसायचा ना, मॅच असली की. तुम्ही सगळे इथं बसून त्याला बोलवताय. तो इथं कशाला येईल?"

आत्यांनी मान वर केली. त्यांना भावाला 'तो' म्हटलेलं खपलं नव्हतं, हे चेहऱ्यावर दिसलं. पण मग चेहरा बदलला.

"खरं आहे पोरीचं," त्या म्हणाल्या. "मॅच असताना हरी घरी थांबेल होय? तो तिकडं पोचला असणार कधीचा. आपणच येड्यासारखे इथं बसलोय. चला, घ्या ते पान."

*

हॅरिसनच्या गाडीत पुढच्या सीटवर आत्या. नऊवारी, वर कार्डिगन, त्यावर थंडी म्हणून वरदानं गुंडाळलेला निळा स्कार्फ. मांडीवर पेपर प्लेट, तिच्यावर स्टीलचं ताट पालथं. मागं तिघं, आणि सुलक्षणाच्या पायाशी वड्यांचा डबा, कारण कावळा शिवलाच तर जेवायचं कुठं हा प्रश्न तिला एकटीला पडला होता.

उंबरा ओलांडायचा नाही ह्या नियमाचं काय, असं श्रीनिवासनं विचारून बघितलं. आत्या म्हणाल्या, नियम मी केला, मला विचारतोस?

*

फिल्बर्ट स्ट्रीटचं मैदान घरांच्या रांगांमध्ये असं घुसवलेलं होतं की परसातल्या दोरीवर वाळणाऱ्या चड्ड्यांच्या मागून फ्लडलाइटचे खांब वर आलेले दिसायचे. गल्लीत माणसांचा पूर. आत्यांनी एक बंद दुकान निवडलं, त्याच्या कठड्यावर प्लेट ठेवली, ताट काढलं आणि हात जोडले. गर्दी सांभाळणाऱ्या एका पिवळ्या जाकिटातल्या स्टुअर्डनं येऊन विचारलं की हे काय आहे. सुलक्षणानं इंग्रजीत सांगितलं की हे तिच्या सासऱ्यांचं जेवण आहे. ते कुठं आहेत? ते वारलेत. स्टुअर्डनं थोडा विचार केला, चिप्स पडतील तिकडं म्हणून प्लेट जरा आत सरकवून दिली आणि तो गेला.

कावळे होते. समोरच्या पत्र्यावर ओळीनं बसलेले. सामन्याच्या दिवशी इथं काय काय सांडतं हे त्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं. पण गर्दी फार. एक कावळा अर्ध्यात येऊन परत फिरला. दुसऱ्यानं कुणाच्या तरी हातून पडलेलं मीट पॅटिस उचललं. आत्यांनी त्याला ते बीफचं असेल म्हणून बजावलं, मराठीत. हॅरिसन घड्याळ बघत आत गेला. जाताना त्यानं दुसरं तिकीट श्रीनिवासच्या खिशात कोंबलं.

गल्ली रिकामी होत गेली. आत शिट्टी वाजली. गर्जना उठली आणि पत्र्यावरचे सगळे कावळे एकदम हवेत गेले. श्रीनिवास आकाशाकडे बघत राहिला. सामना सुरू झाला होता, तो बाहेर होता, त्याच्या हातात पालथं ताट होतं.

आणि मग, अगदी सुरुवातीलाच, गर्जना मध्येच तुटली. वीस हजार माणसं एकाच वेळी गप्प झाली. लांबच्या एका कोपऱ्यातून थोडासा, परका आनंद ऐकू आला, तेवढाच. गल्लीत वाऱ्यानं लोळणारा कागदी पेलासुद्धा ऐकू येत होता.

त्या शांततेत कावळा उतरला. कठड्यावर बसला, इकडं तिकडं बघितलं, वड्याला चोच मारली आणि अख्खा वडा घेऊन मैदानावरून पलीकडे गेला.

"शिवला," आत्या म्हणाल्या.

"आपल्यावर गोल झाला," श्रीनिवास म्हणाला.

आत्यांनी डोळे पुसले, डबा उघडायला सांगितला, पहिला वडा श्रीनिवासच्या हातावर ठेवला आणि दुसरा स्वतः उभ्या उभ्याच खाऊ लागल्या. मग घास तोंडात असतानाच त्याला हातानं ढकललं. "जा आता. एकटा बसलाय हरी तिथं. आणि वडे मऊच झालेत म्हणून सांग त्याला, नाहीतर सुलक्षणाला राग यायचा."

श्रीनिवास वडा खात खात जिना चढला. खुर्ची थंडगार होती. हॅरिसननं त्याच्याकडे न बघता सरकून जागा केली आणि स्कोअर सांगितला. मध्यंतराच्या थोडं आधी लेस्टरनं बरोबरी केली. तेव्हा श्रीनिवास उठून उभा राहिला, आणि उभं राहिल्यावर करायचं काय हे न कळल्यामुळे त्यानं हॅरिसनला नमस्कार केला. शेवटच्या शिट्टीपर्यंत तो तिथंच बसला. सामना एक-एक सुटला.

*

हरिदासराव सबनीस पहिल्यांदा मैदानावर गेले ते शहाण्णवच्या हिवाळ्यात. थंडी वाजते म्हणून मध्यंतरालाच उठून ते बसनं घरी आले होते.